सहा दिवस पाण्यात राहिलेली ट्रंक : सांगलीच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीच्या गावभागातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

घर बैठं, कौलारू. घरात ७८ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून. नात पुण्याला नोकरीला, मुलगी तासगावला दिलेली. माजघरातल्या दिवाणाशेजारी आजींची पत्र्याची ट्रंक असे. त्यांच्या लग्नात आलेली, हिरव्या रंगाची, कडीला छोटं पितळी कुलूप. घरातलं बाकी सगळं सामान दोनदा बदललं, ट्रंक राहिली.

तिच्यात काय होतं ते पुढच्या निर्णयांसाठी नीट सांगायला हवं. काळ्या जाड पानांचा, कोपरे लावून फोटो बसवलेला एक अल्बम. त्यात १९५८ ते १९७८ मधले १४० कृष्णधवल फोटो, प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईने नाव आणि साल. नव्वदच्या दशकातला, चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढायचा दुसरा अल्बम, त्यात ९६ रंगीत फोटो. त्याच फोटोंच्या काही निगेटिव्ह एका पाकिटात. दोऱ्याने बांधलेली ६३ पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय पत्रं. आजींची लग्नातली रेशमी इरकल, लालभडक पदराची. एक कॅसेट, जिच्यात १९९१ साली घरच्या लग्नात हळद दळताना आजींच्या सासूबाईंनी म्हटलेल्या ओव्या होत्या. आणि तळाशी चांदीची अत्तरदाणी-गुलाबदाणी.

पत्रांच्या गठ्ठ्यात एक पोस्टकार्ड वेगळं, रुमालात गुंडाळलेलं होतं. आजोबा कोयना प्रकल्पावर नोकरीला होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते. आजी बाळंतपणासाठी सांगलीत. दोन दिवसांनी त्यांनी वडिलांना कार्ड टाकलं. साष्टांग नमस्कारानंतर चारच ओळी, पेन्सिलीने लिहिलेल्या : घर पडले, मी सुखरूप आहे, सौ.ला तेवढेच सांगावे, बाकी समक्ष. त्यातली ‘सौ.’ म्हणजे आजी. बावन्न वर्षं ते कार्ड त्यांच्यापाशी होतं.

अडचण

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढू लागलं तेव्हा घरच्यांनी २००५ चा पूर डोळ्यांसमोर धरला. त्या वर्षी माजघरात गुडघाभर पाणी आलं होतं. म्हणून या वेळी ट्रंक उचलून अडीच फूट उंच दिवाणावर ठेवली, घराला कुलूप लावलं आणि सगळे तासगावला गेले. सांगलीत हाच हिशेब कित्येक घरांनी केला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात ते पाच फुटांपर्यंत चढलं. लाकडी दिवाण पाण्यावर तरंगला, कलंडला आणि ट्रंक खाली गेली.

घर उघडलं तेव्हा ट्रंक जवळपास सहा दिवस पाण्यात होती. झाकण घट्ट असल्याने मोठा गाळ आत गेला नव्हता, पण बारीक मातीचं पाणी अर्ध्यापर्यंत साठलं होतं. साडीचा लाल रंग त्यात उतरला होता.

इथे वस्तूंचा स्वभाव समजून घ्यायला हवा. छापील फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि बोट लागलं तरी सरकतो. तोच फोटो दुसऱ्याला चिकटून वाळला की सरसासारखा घट्ट बसतो. मग सोडवताना एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. ओल्या कागदावर आणि जिलेटिनवर बुरशी यायला दोन दिवस पुरतात, आणि ऑगस्टच्या उकाड्यात तर ती थांबतच नाही. पाण्यात बुडालेली वस्तू हवेशी संपर्क नसल्याने त्या मानाने टिकते. बाहेर काढली की घड्याळ सुरू होतं.

म्हणजे ट्रंक उघडण्याआधी पुढचे दोन दिवस कसे जाणार हे ठरलेलं असायला हवं होतं. ते ठरलेलं नव्हतं. मुलाने झाकण उघडलं आणि एकेक वस्तू ओसरीवर मांडायला सुरुवात केली. सुनेने तेवढ्यात पुण्याच्या नातीला फोन लावला, नातीने कागद आणि फोटोंच्या जतनाचं काम करणाऱ्या आम्हाला गाठलं आणि पुढचं बरंचसं फोनवरून ठरलं.

अडचणी एकात एक गुंतलेल्या होत्या. वीज नव्हती. नळाला पाणी नव्हतं. टँकरचं मिळेल ते, दिवसाला एक पिंप, साधारण दोनशे लिटर, आणि त्यातच घर धुणं, पिणं, स्वयंपाक. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं, त्यामुळे हातमोजे, गमबूट आणि मास्क घातल्याशिवाय कशालाही हात लावायचा नव्हता. हाताला जखम असेल त्याने तर लांबच राहायचं होतं. शिवाय गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचे ट्रक उभे होते आणि शेजारीपाजारी भिजलेल्या गाद्या, पुस्तकं, कपाटं बाहेर काढून देत होते. अशा वेळी चिखलाने माखलेला अल्बम हातात धरून बसणं सोपं नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळं टाकून देण्याचा. मुलाचा कल तिकडे होता, आणि त्याला आम्ही दोष देणार नाही. घर राहण्याजोगं करायचं होतं, आई आजारी पडू नये ही काळजी होती. ‘आई, जीव वाचला, हे कागद गेले तर गेले,’ असं तो म्हणाला. आजींनी उत्तर दिलं नाही. ट्रंकेशेजारी पाटावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. ट्रकचा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, सगळं गच्चीवर उन्हात वाळत घालण्याचा. पुरानंतर बहुतेक घरं हेच करतात. पण फोटो उन्हात वेडेवाकडे आक्रसतात, त्यांच्या थराला तडे जातात, मातीचा पापुद्रा चेहऱ्यावरच वाळून बसतो. पत्रांची शाई उडते. रेशमाचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी विटतो. त्यातून गच्ची शेजाऱ्यांची आणि ऑगस्टची उघडझाप! दिवसातून तीनदा सगळं उचलावं लागलं असतं.

तिसरा, मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञ प्रयोगशाळेत पाठवण्याचा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, तिथे असं काम होतं. अडचण रस्त्यांची होती. आजूबाजूचे रस्ते पाण्याखाली गेले होते आणि वाहतूक नुकती कुठे सुरू होत होती. ओली ट्रंक सात-आठ तासांच्या प्रवासात काय होऊन पोचली असती, सांगता येत नव्हतं.

चौथा, जे लवकर नासणार ते गोठवायचं आणि सवडीने सोडवायचं. गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण थांबते. शाई जिथे आहे तिथे राहते. चिकटायची क्रिया थांबते. उणे १८ अंशांवर कागद आणि फोटो महिनोन्‌महिने राहू शकतात. बर्फाचे स्फटिक झाल्याने फोटोच्या थरावर थोडी खूण उमटू शकते, तेवढा धोका पत्करावा लागतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नसतात, आणि कॅसेटही नाही.

चौथा पर्याय निवडला गेला तो एका योगायोगामुळे. तासगावच्या मुलीच्या ओळखीत आइस्क्रीमचं दुकान होतं, पावसाळा असल्याने त्यांचा एक डीप फ्रीझर रिकामा होता आणि तासगावला वीज होती.

मग प्रश्न क्रमाचा. आजींनी सांगितलं, ‘साडी आधी काढ.’ नात फोनवरून म्हणत होती, ‘आजीच्या सासूबाईंचा आवाज जगात त्या एका कॅसेटमध्ये आहे, ती बघा.’ सुनेला काळ्या अल्बमची घाई होती. मुलाने चांदी पुसून बाजूला ठेवली, कारण ती हरवायची भीती. सगळ्यांचं बरोबर होतं, पण प्रत्येक जण जीव कशात गुंतलाय ते सांगत होता. नासायचा वेग निराळा असतो. चांदीला काहीच घाई नव्हती, ती महिनाभर चिखलात राहिली असती तरी नंतर घासून स्वच्छ झाली असती. सर्वांत कमी वेळ रंगीत फोटोंकडे होता, आणि त्यांच्याकडे त्या सकाळी कुणाचंच लक्ष नव्हतं.

काय केलं

सर्वांत आधी मोबाइलवर फोटो काढले. वस्तू जशी दिसली तशी, जिथे होती तिथे, प्रत्येक पान, प्रत्येक गठ्ठा. सुनेने हे काम केलं आणि पुढे त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही.

साडी पहिल्यांदा बाहेर काढली. हे योग्यच होतं, कारण तिचा लाल रंग पत्रांवर चढत होता. पण ती तिथल्या तिथे पूर्ण धुतली गेली, चार पाण्यांतून, आणि त्यात पिंपातलं निम्म्याहून जास्त पाणी संपलं. एका पाण्यातून खळबळून, न पिळता, पांढऱ्या चादरीवर सावलीत पसरली असती आणि घड्यांमध्ये जुनी सुती धोतरं घातली असती तर त्या दिवसापुरतं भागलं असतं. सुनेने धुताना साबण, रिठा, डेटॉल काहीही घातलं नाही. घर धुवायला ब्लीचिंग पावडर वाटली जात होती, तिचा हात साडीला लागू दिला नाही. हे फार महत्त्वाचं ठरलं, कारण ब्लीचिंगने रेशमाचा धागाच कुजतो.

काळा अल्बम. ओल्या पानांवरून फोटो ओढायचा नाही. फोटो अडकवलेले कोपरे आधी कात्रीने कापायचे, मग फोटो आपण होऊन सुटतो. सुटलेला फोटो बोटांनी न धरता खाली प्लास्टिकचा कडक कागद सरकवून, त्याच्यावर घेऊन उचलायचा. दोन फोटोंमध्ये एक बटर पेपर, असे दहा-दहा फोटो झिपच्या पिशवीत. पिशवीवर अल्बमचा पान क्रमांक. संध्याकाळी सहापर्यंत १४ पिशव्या झाल्या. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून त्या रात्रीच तासगावला गेल्या.

रंगीत अल्बम तोपर्यंत ओसरीवर तसाच उघडा पडला होता. त्याची पारदर्शक पानं फोटोंना चिकटू लागली होती. रंगीत फोटोत रंगाचे थर एकावर एक असतात आणि वरचे थर आधी विरघळतात, म्हणून कडा आधी लालसर-केशरी, मग पिवळ्या आणि शेवटी पांढऱ्या होतात. कित्येक फोटोंच्या कडा तशा झाल्या होत्या. तो रात्री सबंध अल्बमच बटर पेपरमध्ये गुंडाळून गोठवायला पाठवला. नंतर सोडवताना पान थंड पाण्यात भिजवून, फोटोच्या मागून दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा करवतीसारखा हळूहळू ओढत फोटो सुटा केला. ज्यांचा थर पारदर्शक कागदालाच चिकटला होता त्यांना ओढलं नाही. कागदासकट ठेवलं आणि तसंच स्कॅन केलं.

निगेटिव्ह पाकिटातून ओल्या असतानाच काढल्या. वाळल्यावर त्या पाकिटाला चिकटल्या असत्या. स्वच्छ पाण्यातून तीनदा आणि शेवटी पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून फोटो स्टुडिओत मिळणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यातून काढून, एका टोकाला चिमटा लावून न्हाणीघरात टांगल्या. न्हाणीघरात धूळ सर्वांत कमी असते.

पत्रांचा गठ्ठा सोडवायचा मोह सगळ्यांना झाला. तो तसाच, दोऱ्यासकट, बटर पेपरमध्ये बांधून गोठवला. रुमालातलं कार्ड तेवढं आजींनी हातात धरून ठेवलं होतं, ते द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्याच हाताने ते एका ताटात, पांढऱ्या टीपकागदावर ठेवलं, वरून बोट फिरवायचं नाही एवढं सांगितलं, आणि ताट देवघराच्या वरच्या कोनाड्यात, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे गेलं. पेन्सिलीची रेघ म्हणजे ग्राफाइट. ते पाण्यात विरघळत नाही. ओल्या कागदावर घासलं तरच पुसटतं. दुसऱ्या दिवशी कार्ड वाळलं, कोपरा वाकला होता, अक्षर सगळं होतं.

धुण्याचं काम तीन आठवड्यांनी, घर लागल्यावर, तासगावच्या घरात झालं. एका वेळी एकच पिशवी काढायची. आधी फ्रीझरमधून साध्या फ्रिजमध्ये रात्रभर, मग थंड पाण्याच्या परातीत. तीन पराती ओळीने मांडायच्या, तिसरीतलं पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे. गढूळ झालं की पहिली रिकामी करून तीच शेवटी न्यायची. परात हलवून माती सोडवायची, कापूस किंवा ब्रश फोटोच्या तोंडाला लावायचा नाही. एका फोटोला वीस मिनिटांपेक्षा जास्त पाणी नको. वाळवताना तोंड वर करून कोऱ्या टीपकागदावर ठेवायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंखा छताचा, मंद, थेट अंगावर नाही. वाळल्यावर फोटोची सुरळी होते, तिला घाबरायचं नाही. दोन बटर पेपरांमध्ये घालून जड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवला की सपाट होतो. रोज सरासरी वीस फोटो होत. आजी शेजारी बसून नावं सांगत आणि नात सुट्टीच्या दिवशी येऊन वहीत लिहून घेई.

पत्रांना आणखी संयम लागला. भिजलेला कागद उलगडताना फाटतो, म्हणून पत्र पाण्यातच तरंगत ठेवून, वर प्लास्टिकचा पातळ कागद टेकवून उचललं की वरचं पान त्याला चिकटून वर येतं. प्रत्येक शाई आपापल्या स्वभावाप्रमाणे वागली. बॉलपेनची अंतर्देशीय पत्रं जशीच्या तशी. रॉयल ब्लू शाईची कोरी झाली, निळसर ढग तेवढा उरला. ब्लू-ब्लॅक शाईत लोह असतं. तिचा निळा रंग वाहून गेला तरी लोहाचा अंश कागदाच्या तंतूंत राहिला होता, आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली त्या ओळी वाचता आल्या. नातीने त्या वाचल्या तेव्हा आजी म्हणाल्या, ‘हे पत्र मी विसरलेच होते.’

राहिली कॅसेट. तिच्या बाबतीत चूक झाली आणि ती आमच्या सूचनांतली होती. कॅसेटच्या फितीचा पाया पॉलिएस्टरचा असतो, पाण्याने तिचं फारसं बिघडत नाही, म्हणून ‘ती नंतर बघू’ असं सांगितलं गेलं. ‘तोवर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा’ हे सांगायचं राहिलं. ती दोन दिवस खिडकीत पडली आणि फितीच्या वेढ्यांमध्ये बारीक माती वाळून घट्ट बसली. मुलगा चालते का पाहायला ती शेजाऱ्यांच्या प्लेअरमध्ये घालणार होता. घातली असती तर मातीच्या कणांनी फितीवरचा थर खरवडला गेला असता आणि फीत यंत्रात अडकून तुटली असती. सुनेने वेळेवर हात धरला.

गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर आणलं. त्यात कॅसेट पूर्ण बुडवून एक रात्र ठेवली. हिच्या कवचाला स्क्रू नव्हते, कडा चिकटवलेल्या होत्या, म्हणून सांध्यात पातळ पातं घालून कवच उघडावं लागलं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ९० मीटर फीत असते. ती हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर, डिस्टिल्ड वॉटरच्या परातीतून नेत, तीन वेळा गुंडाळली. दोन माणसं, एक संपूर्ण दुपार. मग चक्रं सुती कापडावर आडवी ठेवून चार दिवस सावलीत वाळवली. केस वाळवायचं यंत्र वापरलं नाही, उष्णतेने फीत ताणली जाते. पाच स्क्रूंची एक कोरी कॅसेट आणून तिच्या कवचात ही चक्रं बसवली. प्लेअर संगणकाला जोडून, रेकॉर्डिंग आधी सुरू करून, मगच कॅसेट लावली. कारण ती एकदाच वाजेल असं धरूनच चालायचं होतं.

निष्पत्ती

कृष्णधवल १४० पैकी ११८ फोटो नीट वाचले, १५ डागाळले, ७ गेले. जुना जाड फोटो-कागद चिवट होता, हे त्याचं श्रेय. रंगीत ९६ पैकी ३८ चांगले, २७ अर्धवट, ३१ गेले. गेलेल्या ३१ पैकी १९ निगेटिव्हवरून पुन्हा छापता आले. पत्रांतली ४१ वाचता येतात, १३ अर्धवट, ९ चा लगदा झाला. साडीचा पदर थोडा फिका झाला, काठाची गुंफण शाबूत आहे.

कॅसेटची दुसरी बाजू निम्मी गेली. पहिल्या बाजूवर २२ मिनिटं आवाज आहे, मध्ये मध्ये तुटक. जात्याची घरघर, त्यावर म्हाताऱ्या गळ्याची ओवी, आणि एका ठिकाणी कुणीतरी लहान मूल हळदीत हात घालतं म्हणून ओरडलेलं. ते मूल म्हणजे पुण्याची नात. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

साहित्याचा खर्च, म्हणजे बटर पेपर, पिशव्या, टीपकागद, पराती, डिस्टिल्ड वॉटर, कोरी कॅसेट, मिळून साडेचार हजारांच्या आत. मेहनत घरच्या चार माणसांची, अडीच महिने, मिळेल त्या वेळात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी पूर येण्याआधीच गेली. घराला माळा होता, आठ फुटांवर, आणि तो शेवटपर्यंत कोरडा राहिला. ट्रंक जड, शिडी अरुंद, म्हणून ती वर गेली नाही. पण ट्रंक वर न्यायची गरजच नव्हती. दोन अल्बम, एक पाकीट, एक गठ्ठा, एक कॅसेट आणि साडी मिळून एका पिशवीत मावलं असतं. पाण्याचा अंदाज मागच्या पुरावरून बांधायचा नाही, हे सांगली त्या वर्षी शिकली.

ट्रंक उघडण्याआधी तासभर थांबायला हवं होतं. स्वच्छ पाणी किती आहे, गोठवायची सोय कुठे आहे, कोण काय उचलणार, हे ठरेपर्यंत झाकण बंद ठेवून काही बिघडलं नसतं. सहा दिवस आणि सहा दिवस एक तास यांत फरक नाही. उघडल्यानंतरच्या प्रत्येक तासाने फरक पडतो. आमचा क्रम असा राहिला असता : साडी बाहेर काढून एका पाण्यातून पसरायची, कॅसेट स्वच्छ पाण्याच्या डब्यात बुडवायची, मग रंगीत अल्बम, मग काळा अल्बम, मग पत्रं. चांदी शेवटी. रंगीत अल्बम रात्रीऐवजी सकाळी दहाला बर्फात गेला असता तर किमान दहा-बारा फोटो वाढले असते असं आमचं मत आहे.

आणि सर्वांत जिव्हारी लागणारी चूक. फोटो काढून घेतल्यावर अल्बमची काळी पानं, लगदा झालेली, ट्रकमध्ये गेली. पांढऱ्या शाईतली नावं त्या पानांवर होती. मोबाइलमध्ये पानं टिपली होती, पण तीन पानांवर ओल्या कागदाची चकाकी आली होती आणि अक्षर दिसत नव्हतं. अकरा माणसं बिननावाची झाली. आजींनी सात ओळखली. उरलेली चार कोण ते आता कुणालाही माहीत नाही. एका फोटोत फेटा बांधलेला तरुण सायकलला टेकून उभा आहे, आजोबांच्या खांद्यावर त्याचा हात आहे, आणि आजींना एवढंच आठवतं की तो जेवायला यायचा. पान कितीही घाण झालं असलं तरी, त्यावरची अक्षरं दुसऱ्या माणसाने वाचून कागदावर उतरवल्याशिवाय टाकायचं नाही. मोबाइलने टिपताना उजेड बाजूने घ्यायचा, फ्लॅश बंद, आणि चित्र मोठं करून अक्षर दिसतं का ते तिथेच पाहायचं.

पुढची व्यवस्था

सगळं स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलं : नातीकडे, तासगावला आणि इंटरनेटवरच्या साठवणीत. मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त पडतात, पण काही वर्षांत चिकट होऊन फोटोला धरतात. फोटोच्या मागे नाव मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता.

शेवटचा निर्णय कोयनेच्या कार्डाचा होता. गावातल्या झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन सुचवलं. ते आम्ही निक्षून नको म्हटलं, कारण गरम प्लास्टिक एकदा कागदात शिरलं की पुन्हा कधीच निघत नाही. आमचा सल्ला होता की कार्ड पुण्याला कोरड्या, अंधाऱ्या पेटीत जावं. आजी नाही म्हणाल्या. कार्ड त्यांना देवघरात, हाताशी हवं होतं. समईचं तेल, उदबत्तीचा धूर, फुलांची ओल, हे सगळं कागदाला वाईट. तरी आम्ही त्यांच्या बाजूने कौल दिला. कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन झालं होतं, आणि ज्या बाईने ते बावन्न वर्षं जपलं तिच्यापासून ते काढून घेऊन टिकवणं आम्हाला पटेना. पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट केलं आणि ते समईपासून दूर, पोथीच्या डब्यात ठेवायचं ठरलं.

जुलै २०२१ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी पुन्हा ५४ फुटांपलीकडे गेलं. पहिला इशारा येताच सून माळ्यावर चढली, तिथे आधीच बांधून ठेवलेली पिशवी घेऊन खाली आली आणि सगळे तासगावला निघाले. ट्रंक रिकामी होती, ती तशीच जमिनीवर राहू दिली. गाडीत बसल्यावर मुलाने विचारलं, ‘आई, कार्ड पिशवीत टाकलंय ना?’ आजींनी पदराखालचा पोथीचा डबा दाखवला.